पाकिटातला पुठ्ठा

१

गुरुवारी सकाळी साडेदहाला भूगोलाच्या बाईंनी आपलं पाकीट माझ्या टेबलावर फोडलं, आणि त्यातून पासपोर्टऐवजी पुठ्ठा निघाला.

साधासुधा पुठ्ठा नव्हे. पासपोर्टच्या मापाचे चार तुकडे एकमेकांना चिकटवलेले, चारही कोपरे गोल कापलेले. बाईंनी तो उलटापालटा करून पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला आणि मला विचारलं, "हे काय गं? नवीन पद्धत निघाली का?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. शुक्रवारी सकाळी नऊला त्यांचं विमान होतं.

या बाईंनी मला शाळेत तीन वर्षं भूगोल शिकवला. आमच्या घरी नकाशांचं पुस्तक घ्यायची ऐपत नव्हती, तेव्हा त्यांनी स्वतःचं दिलं आणि "परत केलंस तर कान पिरगाळीन" म्हणाल्या. आज मी लोकांचे व्हिसाचे अर्ज भरून पोट भरते, त्याचं मूळ त्या पुस्तकात आहे. स्वतः बाईंनी मात्र बहात्तर वर्षांत एकदाही देशाबाहेर पाऊल टाकलेलं नाही. आता त्या निघाल्या होत्या धाकट्या बहिणीला भेटायला, एकतीस वर्षांनी. बहिणीचे डोळे चालले होते. डॉक्टरांनी फार तर महिनाभराची मुदत दिली होती. "नजर आहे तोवर तुझं तोंड दाखवून जा," एवढंच तिनं कळवलं होतं.

"बाई, तुम्ही बसा. काहीतरी अदलाबदल झाली असेल," मी म्हटलं आणि कपाट उघडलं. सोळा पाकिटं, सोळा पासपोर्ट, सगळे दुसऱ्यांचे. सतरावा गायब.

मी फोन उचलला. पासपोर्ट हरवला की पोलिसांत कळवायचं, हा नियम मी येणाऱ्याजाणाऱ्याला पाठ करून सांगते. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीतून वर्तमानपत्र खाली आलं.

"सूनबाई, फोन ठेव."

२

माझे सासरे, म्हणजे अप्पा, चौतीस वर्षं विमानतळावर येणाऱ्यांच्या पासपोर्टवर शिक्के मारत होते. निवृत्त झाले तरी हात स्वस्थ बसत नाही. घरी आलेल्या पत्रावरसुद्धा मूठ आपटतात. गल्लीत त्यांना शिक्केअप्पा म्हणतात. ऑफिसात त्यांची खुर्ची आहे, काम नाही. म्हणजे आमची अशी समजूत होती.

"तू तक्रार दिलीस की तो पासपोर्ट रद्द होईल," अप्पा म्हणाले. "मग तासाभरात सापडला तरी तो पुठ्ठाच. मला दुपारी एकपर्यंत वेळ दे."

"आणि नाही सापडला तर?"

"तर बाईंचे पाय धरू. आत्ता मला पुठ्ठा दे."

बाई मुकाट्यानं बाकावर बसल्या होत्या, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. उलट मलाच म्हणाल्या, "घाबरू नकोस. तू पाणी पी आधी."

अप्पांनी पुठ्ठा चेपून पाहिला. "सकाळी पाकिटं मोजलीस?"

"सतरा मोजली. रोजच्यासारखी." माझी एक सवय आहे. पाकीट बंद असलं तरी मी अंगठ्यानं दाबून बघते. आत कडक लागलं की पुढचं. तोंडानं मोजते, अंगठ्यानं खात्री करते, आणि कपाट बंद.

"म्हणून हा पुठ्ठा. रिकामं पाकीट तुझ्या अंगठ्याला कळलं असतं. हा चोर तुझा अंगठा ओळखतो." अप्पांनी खुर्ची पुढे ओढली. "काल इथं कोण कोण आलं, क्रमानं सांग. गाळू नकोस."

मी आठवून सांगितलं. काल दुपारी बाई आल्या होत्या. बहिणीनं पाठवलेलं पत्र आणि बोटीचं येण्याजाण्याचं तिकीट त्यांनी आणून दिलं. विमान उतरतं त्या शहरातून बहिणीच्या बेटावर बोटीनं जायचं. "बेटावर सरकार वेगळं आहे गं, पण तुझ्या या व्हिसावर धक्क्यावरच परवाना देतात," असं काहीतरी बाई सांगत होत्या. मी फोनवर होते, मी म्हटलं, ठेवा तिथं. मग बाईंचा भाचा आला आणि काहीबाही विचारून गेला. मग आमच्या ऑफिसातल्या डिंकमावशी बाईंचे कागद घेऊन टेबलाशी आल्या, "ताई, जरा बघता का?" म्हणाल्या. चार लोक खोळंबले होते. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही डिंक लावा. व्हिसाचं मी बघते." शेवटी शेजारचा फोटोवाला भांडून गेला. झालं.

"डिंकमावशी आज कुठं आहेत?"

"दाढ दुखतेय म्हणून सकाळी चावी देऊन गेल्या. साडेचारपर्यंत येते म्हणाल्या."

डिंकमावशी आमच्याकडे अकरा वर्षं आहेत. फोटो चिकटवणं, कागद लावणं, व्हिसा सेंटरला नेऊन देणं हे त्यांचं काम. बोलायला लागल्या की कवळी टकटक वाजते, म्हणून सहसा बोलत नाहीत.

अप्पांनी मान डोलावली आणि म्हणाले, "फोटोवाल्याला बोलाव."

३

फोटोवाल्याचं आणि माझं वैर पडद्यावरून आहे. व्हिसाच्या फोटोला मागे पांढराशुभ्र रंग लागतो. त्याचा पडदा लग्नाच्या वेळचा, तो आता पिवळा पडलाय. तो म्हणतो मोतिया. चार महिन्यांपूर्वी त्या मोतिया रंगापायी आमचा एक अर्ज परत आला आणि ऑफिसच्या नावावर ठपका बसला. त्याच्या दुकानात कोपरे गोल करायचं छोटं यंत्रही आहे. मी पुठ्ठ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि माझ्या डोक्यात खटला चालून शिक्षाही झाली.

अप्पांची चौकशीची पद्धत एकच. चौतीस वर्षं त्यांनी काचेमागून तीन प्रश्न विचारले: कुठे, कशाला, परत कधी. त्यापलीकडे माणसाला विचारण्यासारखं काही नसतं असं त्यांचं मत.

"काल संध्याकाळी कुठे होतास?"

"दुकानात. दुसरं कुठं असणार? मला काय व्हिसा आहे कुठला?"

"इथं कशाला आला होतास?"

"हिनं सहा जणांचे फोटो परत पाठवले म्हणून! अप्पा, तुम्हीच सांगा, हा पडदा पिवळा आहे का?"

"पिवळा आहे," अप्पा म्हणाले. "तुझं कोपऱ्याचं यंत्र कुठं असतं?"

"काउंटरवर. सगळी गल्ली वापरते. शाळेच्या ओळखपत्रांना, दुकानांच्या कार्डांना. काल कुणीतरी जाड पुठ्ठा कापला त्यात, पातं अडकलं होतं. कापला तो कापला, पण झाडूनपुसून ठेवलं. असं कोण करतं हल्ली?"

तो गेल्यावर मी दात ओठ खात म्हटलं, "यानंच केलंय."

"यानं केलं असतं तर यंत्र पुसलं नसतं," अप्पा म्हणाले. "पडदा तरी पुसतो का तो?"

४

भाचा आपणहून आला. बाईंनी फोन केला असावा. चाळिशीचा माणूस, पण दारातून आत येताना चेहरा परीक्षेचा निकाल बघायला आल्यासारखा.

काल त्यानं मला काय विचारलं होतं ते मला आता लख्ख आठवलं. "व्हिसा ऐनवेळी रद्द होऊ शकतो का हो? आत्याचं वय बघून?" आणि जाता जाता पुटपुटला होता, "मिळालाच नसता तर बरं झालं असतं."

मी तेच त्याच्या तोंडावर फेकलं. तो एकदम खाली बसला.

"हो, म्हणालो मी तसं," तो म्हणाला. "आईवडील गेले तेव्हा मी सात वर्षांचा होतो. आत्यानं मला वाढवलं. गेल्या वर्षी ती न्हाणीघरात पडली, तेव्हा मी बाहेर होतो, अर्धा तास तशीच पडून होती. आता एवढ्या लांब एकटी जाणार. गेली आणि तिकडंच अडकली तर? मी काय करू इथं बसून?"

"गाढवा," बाई बाकावरून म्हणाल्या, पण हात त्याच्या पाठीवर ठेवून.

"मग लपवलास का पासपोर्ट?" मी विचारलं.

"नाही! लपवायचा असता तर रोज घरात होता की इतकी वर्षं, तिच्या उशीखाली. तुमच्या कपाटात कशाला येऊ?"

अप्पा मात्र भलत्याच विचारात पडले होते. "काय म्हणालास तू? गेली आणि अडकली तर?" त्यांनी पुन्हा तेच शब्द म्हटले, या वेळी स्वतःशी. "बरोबर प्रश्न आहे. हा प्रश्न इथं अजून कुणालातरी पडलाय. सूनबाई, बाईंची फाइल आण."

५

फाइल उघडली आणि मी कपाळावर हात मारला. नुसता पासपोर्टच गेला नव्हता.

"मोज," अप्पा म्हणाले.

बोटीचं तिकीट नव्हतं. बहिणीचं पत्र नव्हतं. फोटो आम्ही सहा घेतो. दोन अर्जाला लागतात, चार उरतात. फाइलमध्ये दोनच होते.

"आता मला सांग," अप्पा म्हणाले. "बाईंना जाऊ द्यायचं नाही म्हणून कुणी पासपोर्ट नेला, समजू शकतो. पण फोटो कशाला नेईल? तेही नेमके दोन?"

मी उरलेले दोन फोटो पुन्हा मोजले.

"शेल्फवर बघ. कोऱ्या फॉर्मचा नवा गठ्ठा कुणी फोडला?"

मी वळून पाहिलं. गठ्ठ्याचा कागद एका बाजूनं नीट सोडवलेला होता. मी नव्हता सोडवला. मला गरजच नव्हती. दर सोमवारी सकाळी मी पन्नासेक फॉर्म घेऊन बसते आणि नेहमीचे रकाने आधीच भरून टाकते: प्रवासाचं कारण पर्यटन, प्रवेश सिंगल, मुक्काम पंधरा दिवस. माणूस समोर आला की फक्त नाव-गाव घालायचं. शंभरातले नव्याण्णव तसेच असतात. या युक्तीचा मला भारी अभिमान होता. दुसऱ्या ऑफिसवाल्यांनाही मी ती शिकवली होती.

"टेबलावर भरलेले फॉर्म पडले असताना," अप्पा हळूच म्हणाले, "कुणाला कोरा फॉर्म का लागावा?"

"भरलेला चालणार नसेल तर."

"भरलेल्यातलं काय चालणार नाही?"

फाइलमध्ये बाईंच्या व्हिसाची झेरॉक्स होती. ती मी उजेडात धरली, आणि पायाखालची वाळू सरकली. प्रवेश: सिंगल.

बाई विमानानं त्या देशात उतरणार. तो एक प्रवेश. बोटीनं बेटावर जाणार, म्हणजे त्या देशातून बाहेर. आठ दिवसांनी विमान पकडायला पुन्हा त्या देशात शिरायचं, तो दुसरा. दुसऱ्याला परवानगीच नाही. धक्क्यावर त्यांना अडवलं असतं. जायला बोट, परतायला काही नाही. बहात्तर वर्षांची बाई, औषधं दहा दिवसांची, अंगावरच्या कपड्यांनिशी परक्या धक्क्यावर. भाच्याची भीती खरी होती, आणि ती मी माझ्या हातानं, हिरव्या पेनानं, सोमवारी सकाळी लिहून ठेवली होती.

बाईंनी पहिल्याच दिवशी मला बेटाचं सांगितलं होतं. कालही सांगितलं. भूगोल शिकवणाऱ्या बाईनं सरहद्द समजावून सांगावी आणि मी फोन कानाला लावून "हो हो" म्हणावं!

"चोर नाहीये तो," अप्पा म्हणाले. "चोर परत येत नाही. हा माणूस परतीचं ठरवून निघालाय. पासपोर्ट घेऊन तातडीच्या खिडकीवर गेलाय, सिंगलचं डबल करून आणायला. सकाळी दहाला टोकन घेतलं तर साडेचारला मिळतो. बाई संध्याकाळी पाचला येणार होत्या. त्या साडेदहाला आल्या, म्हणून हा पुठ्ठा बाहेर निघाला, नाहीतर कुणाला कळलंही नसतं. आता त्या खिडकीवर कोण उभं राहू शकतं?"

"सेंटरचं ओळखपत्र असलेलं माणूस. आमच्याकडे दोनच आहेत. एक माझं."

"आणि दुसरं दाढदुखीवर गेलंय," अप्पा म्हणाले. "सूनबाई, अकरा वर्षं तू त्या कवळीची टकटक ऐकतेस. कवळीला दाढदुखी होते होय?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी चप्पल घालून धावत सुटले.

६

व्हिसा सेंटरात फोन आत नेऊ देत नाहीत. म्हणून वाटेत मी केला तेव्हा मावशींचा फोन बंद लागत होता. मी माझा दारात जमा केला, ओळखपत्र दाखवलं आणि आत शिरले. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर टोकनचे लाल आकडे, आणि चौथ्या ओळीत डिंकमावशी. पाठ ताठ, मांडीवर पिशवी, डोळे आकड्यांवर. मला बघून त्यांचा चेहरा एवढा पडला की मलाच लाज वाटली.

"ताई, मी विचारणार होते. पण तुम्ही म्हणालात..."

"मी काय म्हणाले ते मला माहितीये," मी म्हटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं माझं झालं होतं. "बाईंना तरी सांगायचं."

"त्या घाबरल्या असत्या. रात्रभर झोपल्या नसत्या. म्हटलं, साडेचारला आणते, पाकिटात घालते, डिंक लावते. तुम्हालाही कळायला नको." कवळी टकटकली. "तुम्ही अंगठ्यानं दाबता ना, म्हणून पुठ्ठा घातला."

तेवढ्यात टोकन लागलं आणि आम्ही दोघी खिडकीशी गेलो. आतली अधिकारी तरुण होती, पण कागद बघायची तिची पद्धत अप्पांसारखी, एकेका ओळीवर बोट ठेवून.

"व्हिसा बदलता येईल," ती म्हणाली. "पण चूक कबूल करणाऱ्या पत्राचा मुद्दा आहे. 'अर्ज मी भरला आणि प्रवेशाचा रकाना माझ्याकडून चुकला,' असं सहायकानं लिहिलंय. हे तुमचंच पत्र ना?"

"हो, माझंच," मावशी म्हणाल्या.

मी पत्र ओढून घेतलं. मावशींचं गोल, पाटीवर गिरवल्यासारखं अक्षर. खाली सही. सेंटरचा नियम मला पाठ होता, त्यांनाही होता. चूक सहायकाची असेल तर सहायकाचं ओळखपत्र जातं, ऑफिसला झळ लागत नाही. चूक ऑफिसची असेल तर ठपका ऑफिसवर; वर्षात तीन ठपके झाले की तीन महिने त्या ऑफिसचा एकही अर्ज घेत नाहीत. माझे दोन झाले होते. एक त्या पडद्यापायी.

मावशींनी ओळखपत्र गळ्यातून काढून पिशवीवर ठेवलेलंच होतं. द्यायच्या तयारीनं.

"मावशी, हे काय करताय तुम्ही?"

"माझं काय, मी कुठंही डिंक लावीन. तुमचं ऑफिस बंद पडलं तर कसं व्हायचं?"

अकरा वर्षं या बाईला मी पगारवाढीपलीकडे धड दोन चांगले शब्द ऐकवले नव्हते. मी तिथं, सगळ्यांसमोर, कोरा कागद मागितला आणि लिहिलं: रकाना मी भरला. न विचारता भरला. प्रवासी सांगत होती तेव्हा मी ऐकलं नाही. सहायकानं चूक ओळखली, मी तिला बोलू दिलं नाही.

आतल्या अधिकारी मुलीनं वाचलं. "एवढं लिहायची गरज नव्हती," ती म्हणाली.

"होती," मी म्हटलं.

"हा तुमचा तिसरा. उद्यापासून तीन महिने तुमचे अर्ज घेता येणार नाहीत."

"चालेल. आजचा एवढा घ्या."

तिनं शिक्का मारला. मग मावशींकडे बघून म्हणाली, "साडेचारला या. आणि ते ओळखपत्र गळ्यात घाला आधी, नाहीतर दरवान बाहेर काढेल."

७

तीन महिने ऑफिसात माशा मारल्या. फोटोवाल्यानं नवा पडदा आणला, पांढराशुभ्र, आणि पहिला फोटो अप्पांचा काढला, फुकट. सोमवारी भरलेल्या फॉर्मचा गठ्ठा मी त्या गुरुवारी संध्याकाळीच फाडून टाकला होता.

बाई अकरा दिवसांनी परत आल्या. भाच्यानं विमानतळावरून थेट आमच्याकडे आणलं, कारण बाईंचा हट्ट. त्यांनी पासपोर्ट पर्समधून काढला आणि मला नाही, अप्पांनाही नाही, डिंकमावशींच्या हातात दिला. मावशींनी नको नको म्हणत तो उघडला. अप्पांना राहवलं नाही; मागून वाकून त्यांनी शिक्के वाचले. "आत. बाहेर. बेट. पुन्हा आत. बाहेर." प्रत्येक शिक्क्याला टेबलावर एक मूठ.

"भेटली का बहीण?" मावशींनी विचारलं.

"भेटली. पहिले दोन दिवस खिडकीशी बसवून माझ्याकडे नुसती बघतच राहिली. म्हणाली, किती म्हातारी झालीस गं." बाई हसल्या आणि मग हसता हसता डोळे पुसायला लागल्या. "परतताना धक्क्यावर एक बाई होती, रडत होती. तिला बोटीवरून उतरूच दिलं नाही, एकदाच्या प्रवेशाचा व्हिसा होता. मी माझा पुढे केला, त्यानं बघितलं आणि ठप्प. एका मिनिटात. तेव्हा मला कळलं, तुम्ही लोकांनी माझ्यासाठी काय केलंय ते."

"मी नाही हो बाई," मी म्हटलं. "मावशींनी."

मावशी घाईघाईनं आत गेल्या, डिंकाची बाटली शोधायला. बाटली टेबलावरच होती.

आता ऑफिस पुन्हा चालू झालंय. अर्ज मीच भरते, एकेक रकाना विचारून, फोन उपडा ठेवून. पाकिटं अजून अंगठ्यानं दाबते, सवय जात नाही. पण पाकीट बंद करायच्या आधी सगळे कागद मी मावशींपुढे ठेवते आणि रोज तेच विचारते, "मावशी, जरा बघता का?"